न पाठवलेला नकार

लुंबिनी सरोदे नांदेडच्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरली तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. ओढणी लॅपटॉपवर होती, डोक्यावर काहीच नव्हतं. काउंटरमागच्या तरुणाने न बोलता टॉवेल पुढे केला आणि तिने त्या टॉवेलने लॅपटॉपच पुसला. तो हसला… आणि ते हसणं तिला, उगाच कशाला लपवायचं, आवडलं.

चूक तिचीच होती. लातूरच्या चर्चासत्रात ऐन वेळी लॅपटॉप अडला, पडद्यावर काहीतरी विचारणा झाली आणि लुंबिनीबाईंनी न वाचताच ‘होय’ दाबलं. माहूरच्या डोंगरावरच्या गवतांचा तीन वर्षांचा अभ्यास, फोटो, नोंदी, प्रबंधाची प्रकरणं, सगळं साफ. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते.

“गेलेलं नसतंय मॅडम,” तो म्हणाला. “कॉम्प्युटर नुसती नावं खोडतो. त्याच्यावर दुसरं काही लिवलं न्हाई, तर माल आतच पडलेला असतो.”

खोडलेली नावं मात्र परत येत नाहीत. फाइली नुसत्या आकड्यांनी येतात, आणि कुठली कशाची ते मालकिणीने शेजारी बसून सांगायचं. मग ती रोज दुपारी येऊन बसू लागली. तो एकेक फोटो उघडे, ती नाव सांगे, तो टाइप करे. मारवेल. पवन्या. शेडा. तिसऱ्या दिवशी तो अगदी गंभीरपणे म्हणाला, की मला तर सगळं गवतच दिसून राहिलंय, मधूनच तुमचा एखादा फोटो आला असता तर डोळ्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, डोळे कामावर ठेवा. तिचे स्वतःचे कुठे होते म्हणा. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं मशीन खोलताना तो तांदळाएवढे स्क्रू कागदावर ओळीने मांडी, कुठला कुठून निघाला त्याचं चित्र काढी, आणि ती फोटो सोडून तेच बघत बसे.

चार दिवसांत तिने त्याला नाव विचारलं नव्हतं. नुसत्या “अहो” वर भागत होतं, आणि त्या हाकेने दोघंही थोडे लाजत होते. चौथ्या दिवशी कुसळी गवताचा फोटो आला. आमच्या हदगावकडं हे वाळल्यावर जनावर तोंडात धरत न्हाई, असं तो सहज बोलला. तिनेही सहजच विचारलं, हदगावचे कोण तुम्ही?

“गजभारे. सुगत गजभारे.”

लुंबिनीचे कान तापले. काहीतरी निमित्त काढून ती उठली आणि थेट रिक्षात जाऊन बसली.

दोन वर्षांपूर्वी हदगावच्या गजभाऱ्यांकडून तिला स्थळ आलं होतं. ‘आयटीआय, स्वतःचं दुकान’ एवढं वाचून तिने बायोडाटा पालथा घातला होता, फोटोसुद्धा बघितला नव्हता. वडिलांच्या नावाने नकार तिनेच, याच लॅपटॉपवर टाइप केला. त्यांच्या बौद्ध घरात पत्रिका बघत नसत, त्यामुळे नकार ग्रहांवर ढकलायची सोय नव्हती. कारण लिहावं लागणार होतं. तिने लिहिलं. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं नट-बोल्टांवर पाने फिरवलेल्या वडिलांनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाले, “मी काय फिरवत होतो मग?”

तिने ते पुसलं. ‘मुलीला इतक्यात लग्न करायचं नाही’ असं दुसरं, गोड पत्र लिहिलं. तेच गेलं. पण पुसलेलं आतच पडलेलं असतं हे आता तिला ठाऊक झालं होतं, आणि उद्या तो लिखाणाच्या फाइली उघडणार होता.

पाचव्या दिवशी तिने म्हणून बघितलं, की लिखाण मला तसंच द्या, मी घरी बघते. उघडल्याशिवाय फाइल धड की फुटकी ते कळत नाही, असं तो म्हणाला. ती खाली मान घालून बसली. प्रबंधाची पाचही प्रकरणं परत आली, आणि तिला आनंदसुद्धा करता येईना.

मग पडद्यावर आलं… ‘आदरणीय गजभारे साहेब, सप्रेम जय भीम.’ त्याखाली नुसते चौकोन. बाकीची फाइल फुटली होती.

सुगत पडद्याकडे बघत राहिला. मग ओशाळून हसला.

“पावतीवर नाव लिवलं तवाच वळखलं होतं मी. दोन दिवसांचं काम पाच दिवस कशाला लावलं असतं मग?” तो म्हणाला. “हे पत्र माझ्या बापानं अजून जपून ठेवलंय. म्हणतो, नकार द्यावा तर असा. समोरच्याचा मान राखून.”

तिने फक्त मान हलवायची होती. खाली चौकोन होते, कुणाला काही कळणार नव्हतं.

“ते हे नाही,” लुंबिनी म्हणाली. “हे त्याच्या आधीचं… पाठवलं नाही. मी लिहिलं होतं.”

“काय लिवलं होतं?”

“‘स्क्रू फिरवणाऱ्याच्या घरी द्यायला आम्ही मुलीला एम.एस्सी. केलेलं नाही.’” तिने वाक्य पुरं केलं. वडील कुठे कामाला होते, तेही न विचारता सांगून टाकलं. “मला स्वतःची लाज वाटते. काल तुमचं नाव ऐकलं तेव्हापासून मान वर होत नाही. तुम्ही आवडता मात्र… त्याच्या आधीपासून. पण ते म्हणायला मला तोंड नाही.”

बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं. सुगतने फाइल बंद केली.

“वाईट वाटलं,” तो शेवटी म्हणाला. “लई.”

तिने पिशवी उचलली.

“पण उद्या तुम्ही आल्या न्हाईत, तर याच्याहून वाईट वाटंल.”

“काम तर संपलं.”

“हाव. संपलं.”

दुसऱ्या दिवशी ती आली, पण एकटी आली नाही. रिवाजाने मुलाकडचे मुलीकडे येतात. इथे इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलीचा बाप दुकानाची पायरी चढला, त्याच्यामागे लुंबिनी, चेहरा ओढणीत अर्धा लपवून. सुगत स्टूल पाडतच उभा राहिला.

“तुमच्या वडलांचा नंबर द्या,” ते म्हणाले. “या बारीला लिवायचं न्हाई. मीच बोलतो.”

स्वतःच्या बापाचा नंबर सांगताना सुगत दोनदा चुकला.