तीन नंबर शाळेतला बर्फ

"बर्फ पडलाय! चला लवकर, बर्फ पडलाय!"

क्वोदोंग चार मजले ओरडतच चढून आला आणि शूयाओच्या दारात येऊन खोकत बसला. शूयाओ बूट घालत होती. लिनछी तिची वाट पाहून कंटाळली होती. हिवाळ्याच्या सुट्टीचा चौथा दिवस होता आणि गोठलेल्या तलावावर घसरायला जायचं तिघांचं कालच ठरलं होतं.

"कुठे पडलाय? तुझ्या डोक्यात?" लिनछीने विचारलं.

"आपल्या शाळेत! तीन नंबर शाळेत! झाडं पांढरी झालीयत!"

"आणि बाकी गावात?"

क्वोदोंगने तोंड उघडलं, मिटलं, टोपी वर सरकवून डोकं खाजवलं. "बाकी गावात... नाही पडला."

आमच्या शिथान गावात गेल्या अडीच महिन्यांत वरून काही पडलं असेल तर ती काजळी. दोरीवर वाळत घातलेला सदरा संध्याकाळी पुन्हा धुवावा लागतो, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. तलाव राहिला बाजूला. तिघं शाळेकडे पळाली.

आणि खरंच की! आवारातली सुरूची झाडं बर्फाने लगडली होती. इमारतीची उत्तरेकडची भिंत गोठली होती, बास्केटबॉलच्या कडीला हातभर लांब सुया लोंबत होत्या. फाटकाबाहेर मात्र रस्ता कोरडा ठणठणीत होता.

"बर्फाने शाळेत नाव घातलं वाटतं," क्वोदोंग म्हणाला. "सुट्टीतही येतो. माझ्यापेक्षा हुशार."

फाटकाशी शूयाओचे आजोबा उभे होते. रोज सकाळी सातला ते इथे यायचे ते फाटकावरचा बोर्ड वाचायला. शाळेच्या छतावर हवा मोजायची पांढरी खोली होती. तिच्यातून दोन नळ्या वर आल्या होत्या, आणि त्या नळ्यांनी मोजलेला आकडा बोर्डावर उमटायचा. शंभराच्या आत म्हणजे हवा चांगली. दोनशेच्या वर गेला की दगडी कोळसा भाजून कोक बनवणाऱ्या कारखान्याने भट्ट्या मंद करायच्या, असा नियम होता.

"एकाहत्तर!" आजोबांचा चेहरा खुलला. "आज पोरीची खिडकी तासभर उघडी ठेवतो. डॉक्टर म्हणालेत ना, आकडा शंभराच्या आत असला की भरपूर मोकळी हवा द्या."

पोरगी म्हणजे शूयाओची धाकटी बहीण पेइपेइ, वय वर्षं सहा. आईवडील दूरच्या शहरात कामाला होते, नव्या वर्षालाच यायचे. पेइपेइला दमा होता आणि या हिवाळ्यात तो वाढतच चालला होता. घरातल्या धुळीनेच होतं, असं सगळ्यांनी ठरवलं. आजोबांनी गालिचा टाकून दिला, जुन्या रजया वाटून टाकल्या, शेवटी पेइपेइचं मांजरही शेजारच्या गावी पाठवलं. पेइपेइ दोन दिवस रडली. खोकला काही गेला नाही.

"आजोबा, समोर कारखान्याचं धुरांडं दिसतंय का तुम्हाला?" शूयाओने विचारलं.

आजोबांनी पाहिलं. धुरांडं सोडाच, रस्त्यापलीकडचं शेवयांचं दुकानही अर्धंच दिसत होतं. "धुकं आहे," ते म्हणाले आणि घाईने घराकडे निघाले.

तिघं सायकलींच्या पडवीत दबा धरून बसली. सारण भरून वाफवलेल्या गरम बाओझ आणलेल्या होत्या, त्या क्वोदोंगने पहिल्या पाच मिनिटांतच संपवल्या.

"टेहळणीला शिदोरी लागते," तो म्हणाला.

"तीन जणांची होती ती!"

"हो का? मग टेहळणी तिघांच्या वाट्याची मीच करतो."

दुपारी बाराच्या सुमाराला मागच्या फाटकातून घरघर करत एक निळी गाडी आली. तिच्या पाठीवर पंख्यासारखी मोठी तोफ होती. रस्त्यांवर पाण्याचे तुषार उडवून धूळ खाली बसवतात ना, ती तोफगाडी. तोफ हळूहळू वर वळली. रस्त्याकडे नाही, छताकडे! पाण्याचा ढग उठला आणि त्या पांढऱ्या खोलीवर कोसळत राहिला. उरलंसुरलं पाणी झाडांवर आणि भिंतीवर पडून तिथेच गोठू लागलं.

"हात्तिच्या! हा आपला बर्फ!" क्वोदोंग कुजबुजला.

एवढ्यात पहारेकरी हौकाका शिडी चढून छतावर गेले. खिशातून त्यांनी कापसाचे बोळे काढले आणि एकेका नळीच्या तोंडात नीट कोंबले. रोजचं काम असावं तसे शीळ घालत घालत खाली उतरले.

"नळीला पडसं झालंय का? नाकात बोळे कशाला—" क्वोदोंग बोलता बोलता थांबला. लिनछीचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाडीची काच खाली झाली होती आणि चालकाच्या जागेवर तिचे वडील बसले होते. थ्येनकाका!

ती कुणाचंही न ऐकता सरळ गाडीपाशी गेली.

"बाबा, काय करताय?"

थ्येनकाका दचकले. "तू इथे कशी? अगं, धूळ... रस्त्यावरची धूळ बसवायला सांगतात."

"रस्ता छतावर असतो का, बाबा?"

थ्येनकाकांनी काच वर केली. गाडी निघून गेली.

शूयाओचा फोन वाजला. शेजारच्या काकूंचा आवाज होता. पेइपेइचे ओठ निळे पडले होते आणि आजोबा तिला पाठीवर घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात धावले होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटा लागल्या होत्या. एकेका खाटेवर दोन-दोन मुलं झोपवली होती. पेइपेइच्या तोंडावर वाफेचा मुखवटा होता आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता.

"खिडकी उघडली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो, तासभर. आकडा एकाहत्तर होता," आजोबा म्हणाले.

"रोज सगळे हेच सांगतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आकडा चांगला आणि खाटा भरलेल्या. आणखी एक असा झटका आला तर या पोरीचा मला भरवसा देता येणार नाही."

शूयाओला इतका राग आला की तिला रडूही येईना. ज्या माणसांनी तो आकडा बनवला होता, त्यांनीच तिच्या आजोबांच्या हाताने ती खिडकी उघडायला लावली होती.

"पोलिसांकडे जाऊ या," बाहेर आल्यावर क्वोदोंग म्हणाला.

"आणि सांगू काय? आमच्या शाळेत बर्फ पडलाय?" शूयाओ म्हणाली. "गाडी कुणाची? सरकारची. हौकाका कुणाचे? सरकारचे."

लिनछी खाली मान घालून म्हणाली, "परवा हवा तपासायला प्रांताचं पथक येतंय. बाबांना तालुक्याच्या उपप्रमुख छ्याओंचा फोन आला होता, सकाळी आठपासून गाडी लावून ठेवा म्हणून. वर्षभर आकडा शंभराच्या आत राहिला की छ्याओसाहेबांना बढती आहे."

"बढती!" क्वोदोंग ओरडला. "पोरांना खाटा, साहेबांना बढती!"

"कापूस निघाला आणि गाडी आली नाही, तर बोर्ड स्वतःच बोलेल," शूयाओ म्हणाली. मग ती लिनछीकडे वळली. "पण गाडी तुझ्या बाबांची आहे. तू नको म्हणालीस तर दुसरं काहीतरी शोधू."

लिनछीने नाक पुसलं. "त्या खाटांवर आमच्या जिन्यातली दोन पोरं होती," ती म्हणाली. "गाडीचं माझ्यावर सोडा."

पथक येण्याच्या दिवशी सकाळी शाळेत नुसती धांदल होती. हौकाका लांब बांबूने झाडांवरचा बर्फ झोडपत होते. फाटकावर स्वागताचं लाल कापड लागलं होतं. क्वोदोंग आवारात बॅडमिंटनच्या फुलासारखं पिसांचं फूल पायाने उडवत होता आणि दर वेळी ते जरा जास्तच उंच उडवत होता. शेवटी ते छतावर जाऊन पडलं.

"अरेरे! काका, माझं फूल! आत्याने दिलेलं!"

"उद्या ये. आज साहेब येणारेत."

"मग मी फाटकातच बसून रडतो. साहेबांनी विचारलं तर सांगेन तुमचं नाव."

हौकाकांनी त्याच्याकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, आपल्या दुखऱ्या गुडघ्याकडे पाहिलं. "जा बाबा, तूच चढ. आणि खोलीला हात लावशील तर तंगडं मोडीन!"

क्वोदोंगने खोलीला हात लावला नाही. नळ्यांना लावला.

तिकडे लिनछीच्या घरी थ्येनकाका गाडीची किल्ली शोधत होते. खुंटी पाहिली, खिसे पाहिले, गादी उलटी केली. लिनछी शेवयांचा वाडगा पुढ्यात घेऊन बसली होती आणि तिने अजून एक घासही खाल्ला नव्हता. थ्येनकाकांनी शेवयांवर घालायला व्हिनेगरची बरणी उचलली आणि आत काहीतरी खणखणलं.

ते बरणीकडे बघत राहिले. मग लेकीकडे. फोन वाजत होता, पडद्यावर छ्याओसाहेबांचं नाव होतं.

"बाबा," लिनछीचा आवाज फाटला, "शूयाओची पेइपेइ..."

"कळलंय मला," थ्येनकाका म्हणाले. त्यांनी वाडग्यात व्हिनेगर ओतलं, बरणी जागेवर ठेवली आणि फोन उचलला. "साहेब, किल्ली सापडत नाहीये. हो, शोधतोच आहे." फोन ठेवून ते शेवया खाऊ लागले. "खा. गार होतायत."

साडेनऊला तीन काळ्या गाड्या आल्या. पथकाच्या प्रमुख बाईंना उपप्रमुख छ्याओ हसत हसत बोर्डापाशी घेऊन आले. "पाहा, सत्तर! आमच्या शिथानची हवा म्हणजे—" पुढचे शब्द त्यांच्याच खोकल्यात गेले.

बोर्ड दर वीस मिनिटांनी बदलायचा. एकशे अठ्ठेचाळीस!

"यंत्र जुनं आहे," छ्याओ म्हणाले. "चला, आत चहा तयार आहे."

"थांबू या ना जरा," प्रमुख बाई म्हणाल्या.

दोनशे चाळीस! छ्याओ फोनवर दबक्या आवाजात किंचाळत होते, "अरे, गाडी कुठाय? गाडी!" फाटकाशी लोक जमू लागले. बाजाराला निघालेल्या बायका थांबल्या, शेवयांचा दुकानदार हातातला झारा घेऊनच आला. तीनशे बारा. तीनशे ऐंशी. आपण हिवाळाभर काय ओढत होतो, ते लोक तोंडावर हात ठेवून वाचत होते. कुणी ओरडलं नाही. एका बाईने फक्त आपल्या बाळाचं तोंड शालीत झाकलं.

क्वोदोंग पुढे झाला आणि त्याने मूठ उघडली. मुठीत कापसाचे दोन बोळे होते, शाईत बुडवल्यासारखे काळेकुट्ट. "साहेब, हे तुमचं का? छतावरच्या नळीत विसरलं होतं."

प्रमुख बाईंनी बोळे घेतले, उलटून पाहिले आणि रुमालात बांधले. "आता चढू या छतावर," त्या म्हणाल्या. "आणि या मुलांनाही बोलवा."

शूयाओने सगळं सांगितलं, दवाखान्यातल्या खाटांसकट. फक्त किल्लीचं सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या सभागृहात सत्कार झाला. मुख्याध्यापकांनी मुलांना 'शिथानचे डोळस नागरिक' म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. कारखान्याच्या भट्ट्या दहा दिवस मंद ठेवण्याचा हुकूम निघाला. मग मुख्याध्यापकांनी चौकशीचा निकाल वाचला. तोफगाडीच्या चालकाने हलगर्जीपणाने भलत्या जागी पाणी मारलं, पहारेकऱ्याने स्वतःच्या डोक्याने कापूस घातला, दोघांनाही कामावरून कमी केलं आहे. उपप्रमुख छ्याओंची बदली झाली होती, शेजारच्या तालुक्यात, त्याच पदावर.

मंचावर तीन खुर्च्या होत्या. लिनछीची रिकामी होती.

"हे खोटं आहे!" शूयाओ ध्वनिक्षेपकात म्हणाली. "थ्येनकाकांना हुकूम होता! दिवसाला चार फेऱ्यांचा!"

ध्वनिक्षेपक बंद झाला आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. क्वोदोंगने आपलं मानपत्र खुर्चीवर ठेवलं आणि तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही.

शूयाओ दवाखान्यात गेली. पेइपेइ जागी होती, पण दोन शब्द बोलली की दम लागत होता. डॉक्टरीणबाईंनी शूयाओच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही तिघांनी जे केलं ते आम्हा मोठ्यांना जमलं नाही," त्या म्हणाल्या. पेइपेइच्या फुप्फुसाचं काय, असं शूयाओने विचारलं तेव्हा त्यांनी पेइपेइचं पांघरूण वर ओढलं. धावायचं तिने आता विसरायचं, एवढंच सांगितलं.

आजोबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. शूयाओ शेजारी जाऊन बसली.

"शाबास, पोरी," ते म्हणाले. "तुझ्या आईलाही फोन करून सांगितलं. फार मोठं काम केलंस." मग ते आपल्या तळहातांवरचे भाजल्याचे जुने डाग चोळू लागले. "मी एकतीस वर्षं त्या कोकभट्टीवर होतो. भट्टीचं दार उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्या दिवशी खिडकी उघडली आणि तोच वास आत आला. रोजच यायचा."

शूयाओने त्यांच्याकडे पाहिलं. "मग उघडलीत कशाला, आजोबा?"

"सरकारचा आकडा होता," आजोबा म्हणाले. "मला वाटलं, माझंच नाक म्हातारं झालंय."

आत पेइपेइला खोकल्याची उबळ आली, तशी दोघंही उठून धावली.