नऊशे ग्रॅम आई

तासाभरापूर्वी आई बरोबर अठ्ठावन्न किलो होती. आता काटा सत्तावन्न किलो शंभर ग्रॅम दाखवत होता. मधल्या वेळात ती काचेपलीकडच्या खोलीत चालत्या पट्ट्यावर नुसती चालली होती. केस कोरडे, कपाळ कोरडं, शर्ट तर आत्ताच इस्त्री केल्यासारखा. मग नऊशे ग्रॅम आई गेली कुठे?

नऊ वर्षांच्या इरूला छावणीतली ती सकाळ पुढे कितीतरी वर्षं आठवायची. काचेला टेकवलेलं नाक, आजोबांच्या अंगाचा खोबरेल तेलाचा वास, आणि टिटवी नावाच्या यंत्रमानवाचा किरकिरा आवाज.

"वजन दोन टक्क्यांहून जास्त घटलं, तर नाव यादीतून बाद!" टिटवी ओरडली.

यादी शांतिसेनेची होती. दूरच्या तामिरा नावाच्या वाळवंटी देशातलं युद्ध थांबलं होतं. तिथले संदेशवहनाचे मनोरे पुन्हा उभे करायला आईची तुकडी निघणार होती, सहा महिन्यांसाठी. म्हणून ही खोली. आत पंचेचाळीस अंश तापमान आणि तामिरासारखी कोरडीठाक हवा. रोज दोन तास, असे चौदा दिवस. आज चौथा.

आई पुन्हा पट्ट्यावर चढली. तिची पाण्याची बाटली जवळजवळ भरलेलीच होती.

आतल्या माणसाशी बोलायचं बटण इरूनं हट्टानं स्वतःच्या ताब्यात घेतलं होतं.

"सांग गो तिला, पाणी पी म्हणून," आजोबा म्हणाले.

इरूचं बोट हललं नाही. तिच्या मनात एक चोरटा विचार आला होता. घटू दे वजन. नाव बाद झालं, की आई घरी!

"पण तिला घाम कुठे आलाय?" ती म्हणाली.

"अगदी मालवणची शोभतेस! आपल्याकडे ऊन मोजतात शर्ट पिळून. भिजला तर ऊन, नाही तर काही नाही. दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायचं, हे तुझ्या आईला तोंडपाठ आहे. पण अंगाची सवय कुठे जाते?" एकेकाळी सैन्यात वैद्यकीय साहाय्यक असलेल्या आजोबांनी तिच्या मनगटावर पाण्याचा थेंब सोडला आणि हळूच फुंकर घातली. "कसं वाटलं?"

"गार!"

"पाण्याची वाफ होताना ते कातडीतली उष्णता सोबत नेतं. याला म्हणतात बाष्पीभवन (द्रवाची वाफ होणं). घाम अंग गार ठेवतो तो असा. मालवणात आर्द्रता (हवेतल्या वाफेचं प्रमाण) इतकी, की हवेत आणखी वाफेला जागाच नसते. मग घाम ओघळत राहतो. वाळवंटातली हवा मात्र हावरट. थेंब बनायच्या आतच घाम गट्ट करते! शर्ट कोरडा, आणि अंगातलं जवळजवळ लिटरभर पाणी पसार."

"मग तहान लागेल की."

"लागेल, पण उशिरा. आपली बेबीमावशी लग्नाला पोचते ना, अक्षता पडून गेल्यावर? तशी."

इरूला हसू आलं. आजोबा मात्र काचेकडे बघत राहिले.

"चाळीस वर्षांपूर्वी आम्ही अशाच देशात होतो. मी आणि दत्ताराम खोत, देवगडचा. संध्याकाळी टेकाडावर बसून एकाच मगातून चहा प्यायचो. चहात वाळू, दातात वाळू. पण तसा चहा पुन्हा नाही मिळाला. एका दुपारी तो मला म्हणतो, 'बघ, बाटली भरलेली, शर्ट कोरडा.' आणि मी, वैद्यकीय साहाय्यक, म्हणालो, 'वा!' तासाभरात तो भ्रमात वाळूकडे बोट दाखवून सगळ्यांना होडी ओढायला बोलवू लागला."

"वाचले ते?"

"वाचला. पण मूत्रपिंडं दुखावली, सैन्य सोडावं लागलं. मग टेकाडावर मी एकटाच."

इरूनं आईकडे पाहिलं. नुसता काट्यावरचा आकडा घटत नव्हता, आईच आतून कमी होत होती.

तिनं बटण दाबलं. "आई, पाणी पी! तहान नसली तरी!"

"अगं, मला घाम कुठे..."

"आलाय! हवेनं खाल्ला!"

आई दचकली, हसली, आणि घटाघटा पाणी प्यायली. मग दर पंधरा मिनिटांनी इरू ओरडत राहिली. टिटवीहून मोठ्यानं.

शेवटी काटा सत्तावन्न किलोवर थांबला.

"आजचा दिवस पार!" टिटवी म्हणाली.

आई बाहेर आली. तिच्या कॉलरवर पांढरी रेघ उमटली होती. घाम उडून गेला, मीठ मागे राहिलं. इरूनं बोट लावून चाटून पाहिलं. खारट.

"तू गप्प बसली असतीस तर मी घरी राहिले असते," आई हळूच म्हणाली. "ठाऊक होतं ना?"

इरूनं होकारार्थी मान हलवली. आईनं तिला घट्ट जवळ घेतलं.

"आता रोज सोपं जाईल," आजोबा म्हणाले. "शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयाची धावपळही कमी होते. दोनेक आठवड्यांत उन्हाची सवय होते. पाणी मात्र प्यावंच लागतं."

"आणि आई नसण्याची सवय व्हायला किती दिवस लागतात?"

आजोबांनी आईची बाटली पुन्हा भरायला घेतली.

"जरा जास्त," ते म्हणाले. "आपण दोघं मिळून सराव करू."

"तिघं," आई म्हणाली. "मीसुद्धा त्यात नवीनच आहे."