समोरच्या घरातला दिवा

"उद्या सकाळी पोलीस मला न्यायला येतील," सिमोन म्हणाली. अंगातला कोट काढायचंही तिला भान नव्हतं. बुटांवरचा बर्फ वितळून खासगी गुप्तहेर मार्गो देरोशच्या गालिच्यावर पाण्याचं तळं साचलं होतं.

मॉन्ट्रियलमधल्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेम खेळून त्यातल्या चुका काढणं, ही सिमोनची नोकरी. काल जेवणाच्या सुट्टीत तिथली मुख्य प्रोग्रॅमर ओदील मागच्या लोखंडी जिन्यावरून पडून मेली. पडली कसली, कुणीतरी ढकललीच. कठड्यावर तिच्या नखांचे ओरखडे होते.

"परवा तुझं तिच्याशी वाजलं होतं म्हणे," मार्गो म्हणाली.

"रजेवरून. सगळ्यांनी ऐकलं. आणि काल त्या वेळी मी एकटीच आत खेळत बसले होते. ओदीलनं सकाळी दिलेली, गेममधल्या 'बंदर' या टप्प्याची नवी आवृत्ती."

"काय दिसलं?"

"होड्या सगळ्या काढून टाकलेल्या, नुसतं काळं पाणी. माडीवर सोडवायचा ओलीस. खिडकीतून समोरच्या घरातला दिवा दिसत होता, त्या उजेडात दार फोडलं."

होड्या गेल्या नि दिवा राहिला, याचा खुनाशी काय संबंध, ते बेन्वाला कळेना. हा मार्गोचा मदतनीस जुना रहदारी पोलीस. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात प्रकाश जरा उशिरा पडायचा.

सिमोनला घेऊन दोघं कंपनीत गेले. मालक ल्यूक घाम पुसत बसला होता.

"नवा कन्सोल तळहाताएवढा, त्याची मेमरी इवलीशी आणि गेम हत्तीएवढा. कुठेतरी कात्री लावावीच लागते. परवाच्या बैठकीत ओदील म्हणाली, माडीवरची खिडकी विटांनी बुजवते, म्हणजे समोरची गल्ली दाखवायलाच नको."

"कुणाला झोंबलं?"

"रेजाँला. मोठ्या कन्सोलवरचं मूळ बंदर त्यानंच उभं केलं होतं. त्या वर्षी त्याची मुलगी गेली. समोरच्या घरातला तो दिवा त्यानं तिच्या खोलीतल्या दिव्यासारखा केला. तो तडक उठून गेला."

"आणि काल तुम्ही?"

"खाली, सगळ्या स्टाफबरोबर चीज-बटाट्याचं पूतीन खात होतो. रेजाँ आणि सिमोन तेवढे वर राहिले."

रेजाँ खिडकीशी उभा होता. मार्गोला त्यानं आदबीनं खुर्ची दिली. त्याचा आवाज इतका शांत होता, की बेन्वाच्या अंगावर उगाच काटा आला.

"काल जेवणाच्या सुट्टीत मीही सकाळचीच आवृत्ती खेळत होतो, बाई. खिडकी बुजवलेली, माडीवर मिट्ट काळोख. चाचपडत गेलो आणि दोनदा मेलो."

मार्गोनं सगळ्यांना एका खोलीत बोलावलं.

"आवृत्ती एकच. एकीला उजेड दिसला, एकाला अंधार."

"म्हणजे सिमोन खोटं बोलतेय," बेन्वा म्हणाला. "बैठकीतच ठरलं होतं ना."

"तू आपला चौकात शिट्टीच वाजवत बस, बेन्वा." मार्गोनं काल सकाळची आवृत्ती असलेला कन्सोल टेबलावर ठेवला. "मी आत्ताच खेळून बघितली. खिडकी उघडी आहे. ती बुजवलेली आवृत्ती कधी निघालीच नाही. तुम्ही बैठकीत ऐकलेलं सांगितलंत, रेजाँ, बघितलेलं नाही. कन्सोल हातात घ्यायचा तुमचा धीरच झाला नाही. मग जेवणाच्या सुट्टीत तुम्ही होतात कुठे?"

रेजाँची नजर टेबलावरच्या कन्सोलवर खिळली.

"घरी जाऊन ओदीलचं मन बदललं असावं. तिनं होड्या काढल्या, त्यातून जागा केली आणि तुमचा दिवा ठेवला. बंदर सुनं झालं तरी चालेल, पण दिवा राहू दे, असं तिनं ठरवलं."

सिमोन तोंड झाकून रडू लागली.

रेजाँ खुर्चीत बसला. "जिन्यावर ती सारखी म्हणत होती, आधी खेळून तर बघ. मला वाटलं, थट्टा करतेय. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही."

त्यानं कन्सोल उचलला. बेन्वा अडवायला पुढे झाला, पण मार्गोनं मान हलवली. पडद्यावरचा शिपाई माडी चढला, ओलिसाकडे न बघता खिडकीशी जाऊन थांबला.

पोलीस येईपर्यंत रेजाँनं त्याला तिथून हलवलं नाही.