बसल्या जागी पहिली

"विदाद, तुझा रवा!" दुकानदाराने हाक मारली आणि पोतं गल्ल्यापाशी टेकवलं. विदादने ते उचलायच्या आत रांगेतला एक उंच माणूस गर्रकन वळला. कानामागे मोगऱ्याचा छोटा गुच्छ, चेहऱ्यावर भाविक आश्चर्य.

"विदाद? म्हणजे… चालणाऱ्या विदाद?"

"नाही, उडणारी," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

"गाझी. दुसरा नंबर. सबंध उन्हाळाभर रोज तुमच्या मागे आहे."

रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या.

"हे पुरुषाने भर दुकानात इतक्या मोठ्याने सांगू नये," विदाद म्हणाली खरी. पण तिचे कान लाल झाले होते.

त्याचं असं झालं. समुद्रकाठच्या आमच्या हम्माम-लिफ गावातले औषधवाले सी मुन्सिफ ('सी' हे आमच्याकडे मानाने लावतात) यांना एकाएकी वाटू लागलं, की गावाने गोळ्या कमी घ्याव्यात आणि जास्त चालावं. औषधवाल्याला असं वाटणं हाच खरं तर एक आजार. पण त्यांना सांगणार कोण? त्यांनी मोबाइलवर गट काढला. मनगटावरच्या घड्याळाने पावलं मोजायची, संध्याकाळी सगळ्यांचे नंबर लागायचे, आणि ज्याचं कौतुक वाटेल त्याला टाळी पाठवायची. विदादला रोज एक टाळी यायची. गाझीची.

आता, विदाद चालत नव्हती. उन्हाळ्यात आमच्याकडे वर्षाचं कुसकुस घरी वळतात. परातीत रवा घ्यायचा, पाण्याचा हबका मारायचा, आणि त्याचे दाणे होईपर्यंत तळवे गोल गोल फिरवत बसायचं. तळवा फिरला की मनगट हलतं, मनगट हललं की घड्याळाला वाटतं, बाई निघाल्या. पहिल्याच दिवशी विदाद भिंतीला टेकून बसल्या बसल्या गावात पहिली आली. ती लगेच खरं सांगणार होती… तेवढ्यात टाळी आली.

मग ती घरचं वळून झाल्यावर शेजारणींचंही वळू लागली. आईने विचारलंसुद्धा, "अगं, एवढं कुणासाठी? लष्कराला जेवायला बोलावलंयस का?"

"तर मग रविवारी भेटूच," गाझी दुकानात सांगत होता. "बूकोर्निन चढायचाय. सी मुन्सिफ म्हणाले, पहिल्या दोघांनी सगळ्यांच्या पुढे राहायचं."

विदादने दाराबाहेर डोंगराकडे पाहिलं. तो जन्मापासून तिथेच होता. आपल्याशी त्याचं कधी काही काम पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

जावं तर पितळ उघडं पडणार, न जावं तर हा माणूस दिसणार नाही. ती गेली.

रविवारी सकाळी सी मुन्सिफनी शिट्टी फुंकली. विदाद आणि गाझी ऐटीत पुढे निघाले. पहिल्या वळणापर्यंत दोघं हवेबद्दल बोलले. दुसऱ्यानंतर दोघंही बोलेनासे झाले. तिसऱ्या वळणावर विदाद एका खडकावर बसली, आणि गाझी – निव्वळ सौजन्य म्हणून – तिच्या आधी बसला होता.

मंडळी एकेक करून पुढे गेली. सी मुन्सिफ जाताना म्हणाले, "थांबून निसर्ग बघताय? वा! हे खरे चालणारे!"

वाट रिकामी झाली. खाली समुद्र चकाकत होता. विदादने श्वास गोळा केला.

"मला… सांगायचंय. मी चालत नाही. मी कुसकुस वळते. घड्याळाला फरक कळत नाही."

गाझीने मान वळवून समुद्राकडे पाहिलं. संपलं, तिच्या मनात आलं. आता टाळी नाही, काही नाही. ती उठू लागली.

"बसा ना," तो म्हणाला. "मी लग्नांत दरबुका वाजवतो."

"मग?"

त्याने गुडघ्याचाच ढोल करून बोटांनी एक ठेका धरला, आणि घड्याळ असलेला हात तिच्यासमोर धरला. पडद्यावर पावलं भराभर वाढत होती.

विदाद आधी घड्याळाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे… आणि इतकी हसली की पुन्हा धाप लागली.

"म्हणजे तुम्ही बसूनच माझ्या मागे लागलात?"

"तुम्ही तरी बसूनच पुढे गेलात ना!"

"पण लग्नं काही रोज नसतात."

"नसतात," गाझीने मान खाली घातली. "ज्या दिवशी नसायची, त्या दिवशी जेवणाचं टेबल बडवायचो. दुसरा नंबर गेला असता तर यादीत तुमच्या नावाखाली दुसऱ्याच कुणाचं नाव आलं असतं. ते… बरं नसतं दिसलं."

त्याच्या कानामागचा गुच्छ घसरला होता. तो विदादने बोटाने नीट बसवला.

मग ते उतरू लागले, इतके हळू की शेळ्या मागून येऊन पुढे गेल्या. प्रत्येक झुडपापाशी काहीतरी सांगायचं राहिलेलं निघे, आणि दोघं थांबत. मध्येच दोघांच्या मनगटांवरची घड्याळं एकदम थरथरली.

"काय म्हणतंय?" गाझीने विचारलं.

"म्हणतंय, बराच वेळ तुम्ही हललेला नाहीत. उठा, थोडं चाला."

"खोटारडं मेलं." तो घुटमळला. "विदाद… शुक्रवारी आईला घेऊन तुमच्याकडे यायचं म्हणतो. तुमच्या आईशी बोलायला. चालत येऊ, की टॅक्सीने?"

"टॅक्सीने," विदाद म्हणाली. "मला उगाच उशीर नको."