हा पोर्ट दुसऱ्याला दिलेला आहे

रविवारी दुपारी तीन वाजता आशुतोष जुईनगरच्या आपल्या भाड्याच्या घरात राउटरसमोर फतकल मारून बसला होता. काम तसं साधंच होतं. लेकीबरोबर गेम खेळायचा होता.

लेक साताऱ्याला. क्षिप्रा, वय वर्षं नऊ. घटस्फोटानंतर ती आईकडे राहिली आणि आशुतोषच्या वाट्याला रविवारी चार ते पाच एवढा एक तास आला. व्हिडिओ कॉलवर पोरगी दोन मिनिटांत कंटाळायची. म्हणून त्याने ठोकळ्यांची घरं बांधायच्या एका गेममध्ये दोघांपुरतं जग उभं केलं, स्वतःच्याच लॅपटॉपवर. पण गेले दोन रविवार क्षिप्राला त्यात शिरताच येईना. तिची आई, चारुलता, परवा स्पष्टच म्हणाली होती, "या रविवारी नाही जमलं तर मी तिला चित्रकलेच्या क्लासला घालते. दर वेळी रडत बसते रे ती." तेव्हापासून बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

फोनवर इंद्रजित होता, रबाळ्याच्या ऑफिसातला त्याचा मित्र.

"राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन समज," इंद्रजित म्हणाला. "बाहेरून पाहुणा आला की कुठल्या फ्लॅटला पाठवायचा, ते त्याला सांगून ठेवायचं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे एवढंच. तुझ्या लॅपटॉपचा नंबर टाक नि सेव्ह मार. टेन्शन नको घेऊ."

त्याने नंबर टाकला. वॉचमन काही ऐकेना. हा पोर्ट आधीच दुसऱ्या यंत्राला दिलेला आहे, असं त्याने कळवलं. त्या यंत्राच्या पत्त्याच्या शेवटी सात होता.

"माझ्याकडे लॅपटॉप नि फोन. तिसरं काहीच नाही रे घरात."

"जुन्या भाडेकरूची सेटिंग असेल. उडव."

त्याने उडवली. राउटर बंद करून चालू केला. सात परत आला. पुन्हा उडवला, तर पान उघडायच्या आत परत.

"सातला पिंग करून बघ," इंद्रजित म्हणाला. पिंग म्हणजे नुसती हाक. कुणी असेल तर ओ देतं. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत ओळीमागून ओळ येऊ लागली. ओ येत होती, आणि हाक पुरी व्हायच्या आत येत होती.

इंद्रजितने ओळींतले आकडे वाचून दाखवायला सांगितले. "एवढ्या फास्ट म्हणजे... वायरनेच जोडलंय, भावा. तुझ्या घरातच आहे." मग त्याला बायकोने हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

आशुतोषने राउटर उलटा करून पाहिला. मागे पहिल्या खाचेत त्याच्या लॅपटॉपची वायर, दुसऱ्या खाचेत एक पिवळी. महिनाभर ती तो रोज पाहत होता आणि नेटवाल्याची असेल म्हणून सोडून देत होता. तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. वायर भिंतीच्या कडेने पॅसेजमध्ये गेली होती आणि तिथून वर, बाथरूमवरच्या माळ्यात.

तो स्टूल मागायला खाली घरमालकिणीकडे गेला. सुमित्राबाई जुईनगरच्या मूळच्या गावातल्या. वायरचं नाव काढताच त्या दारातच खाली बसल्या.

"ती रनजीतची. तुमच्या आधी ऱ्हायाचा," त्या हळूच म्हणाल्या. "त्याची पोर आईसंगती परदेशात. चार वाजलं का हा तिच्यासंगती गेम खेलाचा. मंग पोरीनं येयाचं बंद केलं. तरी हा वाट बघत बसलेला, वरती माल्यावर... तितंच गेला तो. कोनाला बोलू नका हां. भाडेकरू मिलत नाय."

आशुतोषला परत वर जाववेना. पण घड्याळात चारला आठ कमी होते. तो स्टूल घेऊन वर आला, वर चढला आणि मोबाईलचा उजेड आत टाकला.

दमट चुन्याचा आणि खोबरेल तेलाचा वास आला. माळ्यावर बोटभर धूळ होती. पिवळ्या वायरचं टोक त्या धुळीत नुसतं पडलं होतं, कशालाही न जोडलेलं. टोकापाशी एक गोलसर जागा मात्र स्वच्छ होती, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. त्याने मान वळवून हॉलकडे पाहिलं. हिरवा दिवा लुकलुकतच होता.

तेवढ्यात हातातला फोन वाजला.

"बाबा! लागला! मी आत आले!"

"आत... कुठे आलीस, क्षिपू?"

"तुझ्या जगात! तू सगळंच बदललंस. हे तुझं घर ना? हॉल, जाळीची खिडकी, हा पॅसेज... पण बाबा, तू माळ्यावर का बसलायस?"

ती स्वच्छ जागा त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होती.

"बाहेर ये, क्षिपू... आत्ताच्या आत्ता."

"अरे, पण तूच गेममध्ये लिहिलंस ना, जाऊ नकोस म्हणून..."

त्याने खाली उडी मारली. स्टूल आडवं झालं. धावत जाऊन त्याने पिवळी वायर राउटरमधून उपसली. दिवा विझला.

"गेलास तू," फोनवर क्षिप्रा हिरमुसून म्हणाली.

मग सगळं कसं सुरळीत झालं. राउटरने निमूटपणे लॅपटॉपचा नंबर घेतला. सव्वाचारला क्षिप्रा त्याच्या खऱ्या जगात आली. दोघांनी विहीर खणली, गोठा बांधला. कितीतरी महिन्यांनी लेक खळखळून हसली आणि आशुतोषला भरून आलं. पाचला दोन मिनिटं उरली तेव्हा ती कुजबुजली, "बाबा, मगाशी तू लिहिलंस ना, इथून मला काढतायत, तुझ्याकडे राहायला येऊ का म्हणून? मी हो म्हटलं. आईला नको सांगू."

ते मी नव्हतो, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. पण बोलला असता तर पोरगी घाबरली असती, आईजवळ बोलली असती, आणि हा तास गेलाच असता. तो नुसता हसला.

"आज खूश आहे ती," चारुलताने फोन घेऊन सांगितलं. "राहू दे रविवारचं."

संध्याकाळी त्याने भिंतीवरची सगळी पिवळी वायर उपटली, कात्रीने तुकडे केले आणि सोसायटीच्या कचऱ्यात टाकून आला. त्या रात्री तो शांत झोपला.

सोमवारी सव्वाचारला तो ऑफिसात असताना चारुलताचा फोन आला.

"माणूस पाठवायचा तर आधी विचारायचंस ना, आशुतोष."

"कसला माणूस?"

"वायरचा. मी दुकानात गेले तेवढ्यात येऊन गेलेला दिसतोय. राउटरला पिवळी वायर लावलीय आणि नेलीय पार माळ्यावर. पुढे कशालाच जोडलेली नाही. आणि क्षिप्रा चारपासून वर जाऊन बसलीय, हाका मारल्या तरी उतरत नाही. टॅब तर इथे माझ्या हातात आहे. मग ही हसतेय कुणाशी?"

आशुतोष खुर्चीतून उठला. फोनमध्ये मागून, जरा उंचावरून, क्षिप्राचा आनंदी आवाज आला, "बाबा, आता तुझा नंबर!"