अबुएला म्हणजे अबोला नव्हे!

"पाद्रे?"

"फादर!"

"एर्मानो?"

"ब्रदर! म्हणजे तू!" चिमणी दादाकडे बोट दाखवून ओरडली. "आणि यो म्हणजे आय, म्हणजे मी!"

सुट्टी लागल्यापासून बोटींच्या धक्क्यावरच्या बाकावर त्यांची स्पॅनिशची उजळणी रोज रंगायची. दादा, चिमणी आणि त्यांचा मित्र चष्मिष. आई तिथेच तिकीट खिडकीवर कामाला होती. हे शब्द ताईनं शिकवलेले. ताई एका परदेशी बोटीवर नर्स होती. बोट खोल समुद्रात गेली की तिचा फोन लागत नसे. सध्या तसंच होतं. तरी चिमणी शब्द घोकत राहायची. फोन आला की ताईला धडाधड म्हणून दाखवायचे!

"ए, ते बघा!" चष्मिष कुजबुजला.

चौकशी खिडकीपाशी एक चिमुरडी हमसून हमसून रडत होती. सोबत कुणीच नाही! घोषणा करणारे काका वैतागले होते.

"नाव विचारलं तर म्हणते अबुएला! अबोला धरलाय म्हणे बाईसाहेबांनी!"

त्यांनी माइकवरून पुकारा केला, "हरवलेल्या मुलीच्या आईवडिलांनी ताबडतोब यावं!" आणि निघाले चहा प्यायला.

"अबुएला..." मुलगी पुन्हा मुसमुसली.

चिमणी ताडकन उठली. "अबोला कसला! अबुएला म्हणजे ग्रँडमदर! ती आजीला हाका मारतेय!"

"मग त्या आजीला काकांची घोषणा कळणार कशी?" दादा म्हणाला.

तेवढ्यात धक्क्याला लागलेल्या बोटीचा भोंगा वाजला.

"बापरे! आजी बोटीत चढली असली तर? चिमणे, तूच बोल माइकवर!" दादा म्हणाला.

"मला नुसते नात्यांचे शब्दच येतात रे! 'इकडे या' कसं म्हणायचं, ते ताईनं अजून शिकवलंच नाही..." चिमणी हळहळली. आत्ता ताई इथे हवी होती!

मग एकदम तिचे डोळे चमकले. तिनं मुलीला खिडकीच्या आत नेऊन काकांच्या खुर्चीत उभं केलं. दादा दाराशी पहाऱ्याला थांबला. चष्मिषनं माइकचं बटण दाबलं. चिमणीनं आधी माइक दाखवला, मग मुलीच्या छातीवर अलगद बोट टेकवलं. "अबुएला... यो!"

मुलीला बरोब्बर कळलं!

"अबुएला! यो! यो!!"

सगळा धक्का दणाणला. बोटीवर चढायची फळी ओढून घेणारे खलाशी थबकले. त्यांना बाजूला सारत पांढऱ्या केसांची एक बाई धावत खाली आली. गर्दीच्या रेट्यात नात पुढे चढली असं समजून ती तिला सगळ्या बोटीत शोधत होती! तिनं नातीला असं कवटाळलं, की दोघींचं रडं एक झालं.

"माझ्या माइकला कोणी..." काका तावातावानं आले आणि समोरचं पाहून वरमले. "चुकलंच माझं. शाबास रे पोरांनो! तुम्ही नसता तर बोट सुटली असती."

आईही आली. तिनं तिघांना जवळ घेतलं. "ताईला कळलं तर किती खूश होईल!"

आजीनं डोळे पुसत आईकडे बोट केलं. "माद्रे?"

चिमणीनं मान डोलावली.

"एर्मानो?" आजीनं दादाकडे बोट केलं. दादा हसला.

"एर्माना?" आजीनं पुढे विचारलं.

एर्माना म्हणजे सिस्टर, म्हणजे ताई! चिमणीनं आधी धक्क्यावरची बोट दाखवली, मग हात लांब करून दूरचा समुद्र दाखवला.

आजीनं त्या पाण्याकडे पाहिलं. मग तिनं चिमणीला पोटाशी धरलं. पलीकडे चष्मिष सगळी हकिकत आईला रंगवून सांगत होता. चिमणीलाही सांगायचं होतं, खूप खूप सांगायचं होतं. पण जिला सांगायचं, तिचा फोन अजून लागत नव्हता.