गाणं संपेपर्यंत मराठी नाही

बरखेड्यातल्या कारखान्याच्या त्या क्वार्टरमध्ये दिवेलागणीला सुधाचं सगळं ठरलेलं असे. तुळशीपाशी निरांजन, देवापुढे समई, उदबत्ती, शुभंकरोती. आणि मग तिथंच, देवासमोर बसून, एक इंग्रजी गाणं.

लिटल बोट, लिटल बोट, हू इज देअर?

गाणं तिनं स्वतःच रचलेलं. अरेरा कॉलनीतल्या एका शाळेत ऋतुजाची मुलाखत व्हायची होती, आणि मोबाइलवरची गाणी ती नुसती बघत बसे, तोंड उघडत नसे. म्हणून आईनं विचारायचं नि लेकीनं उत्तर द्यायचं, असं हे गाणं. ‘युअर लिटल गर्ल, ममी, कोंबिंग हर हेअर,’ म्हणताना ऋतुजा बोटांनी केस विंचरायची. ‘इज इट डीप?’ विचारलं की ओठांवर बोट ठेवायची, ‘हश, ममी, हश, ममी, फिशेस आर असलीप.’ एरवी ती ‘आई’च म्हणे. पण सुधाचा दंडक होता, गाणं संपेपर्यंत मराठी नाही. मध्येच ‘आई, भूक लागली’ आलं, तर सुधा ऐकूच न आल्यासारखं करी. मग पोर हसत हसत पुन्हा इंग्रजीत शिरायची.

मुलाखतीच्या आधीच ताप आला. चार दिवसांत सगळं संपलं.

त्यानंतर सुधानं गाण्याचा नेम धरला. आपली ओळ म्हणायची, उत्तराच्या जागी थांबायचं, मग पुढची ओळ. तिचे यजमान सुभाष कारखान्यातून येऊन दारात बूट काढताना ऐकायचे. एकदाच म्हणाले, “नेम देवाचे असतात गं.”

“हासुद्धा देवापुढेच करते,” ती हळू म्हणाली. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

यंदा श्रावणातल्या संकष्टीला उत्तराच्या जागी उत्तर आलं.

मोठ्यानं नाही. कपाटाआड दडलेलं मूल बोलेल, तेवढ्याच आवाजात. युअर लिटल गर्ल, ममी.

सुधानं समईची वात सारखी केली. मग तिनं दुसरी ओळ म्हटली. दुसरंही उत्तर आलं. उदबत्तीच्या वासाखाली नुकत्याच न्हालेल्या केसांचा वास होता.

“ऋतू, बाळा, कशी आहेस गं?”

वर पंखा फिरत राहिला.

“एकदा आई म्हण ना.”

काही नाही. तिनं पुन्हा गाण्याची ओळ घेतली, तर उत्तर लगेच आलं. तेव्हा सुधाला उमगलं. पोरीनं दंडक मोडला नव्हता.

“झालं गं गाणं,” ती रडत म्हणाली, “आता मराठी बोलायचं. मी रागावणार नाही.” पण गाणं संपलं की तो आवाजही संपे. किती वेळा सांगून पाहिलं, किती परींनी.

मग सुधा नवं कडवं शिकवायला बसली. ‘आर यू कोल्ड?’ असं विचारायचं, आणि ‘नो, ममी, आय ॲम वॉर्म,’ हेही आपणच पुनःपुन्हा म्हणून दाखवायचं. काही संध्याकाळी गेल्यावर उत्तर आलं, अगदी चालीत. सुधाला क्षणभर केवढं बरं वाटलं. पण रात्री अंथरुणात तिच्या मनात आलं, हे तर आपण पढवलेलं. थंडी वाजत असती तरी लेकरू दुसरं काय म्हणणार होतं?

दुसऱ्या दिवसापासून तिनं सुखाचा नि दुःखाचा, दोन्ही शब्द शिकवले. हॅपी म्हणताना हसायचं, सॅड म्हणताना ओठ काढायचा. दोन्ही सारख्याच वेळा, सारख्याच मायेनं. निवड तिची तिनं करावी.

त्याच सुमारास शेजारच्या मंजूषानं तिला कुंपणापाशी गाठलं. मूळची इंदूरची बाई, बोलणं मोकळं. “क्लास सुरू केलास नि मला पत्तासुद्धा नाही? आमच्या पिंटूला पाठवते. इंग्रजी तेवढंच येतं त्याला, मोबाइल काढून घेतला तरी ‘आय ॲम हॅपी’ म्हणत भोकाड पसरतो बघ.”

“क्लास नाही गं. मी एकटीच म्हणते.”

“चल, झूठी. इतके बच्चे एका सुरात गातात, भिंतीतून सगळं ऐकू येतं.”

कुणाचा तरी टीव्ही असेल, असं सुधानं मनाशी म्हटलं.

त्या संध्याकाळी शुभंकरोती झाल्यावर ती गाण्याच्या शेवटाला आली.

हॅपी ऑर सॅड, टेल मी, डिअर?

ती थांबली.

“हॅपी, ममी,” सगळी खोली म्हणाली.

पलंगाखालून. दाराआडून. देव्हाऱ्याच्या मागून. शाळेत वर्ग म्हणतो तसं, लांबवत, एका हेलात.

दारात सुभाष एक बूट काढून थबकले. आत न बघताच त्यांनी विचारलं, “किती मुलं बोलावलीस गं आज?”

सुधानं हाताच्या खुणेनं त्यांना गप्प केलं. ती डोळे मिटून, तांदळातले खडे वेचावेत तसा, एकच आवाज वेचत होती.

तो सापडेना.

हेल ओसरला. सगळे गप्प झाले.

मग तिच्या गुडघ्यापाशी, जरा उशिरा, कुणीतरी एकट्यानं म्हटलं, “सॅड.”

सुधानं पदराचा बोळा तोंडात धरला. ऋतुजाचा आवाज असाच होता का, हे तिला काही केल्या आठवेना.